सात पानांचा फुटवा

३ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. बाबा डाव्या हाताने चमचा धरायला लागले हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून डोकं फिरलं. पण आधी इथलं सांगतो, नाहीतर तू म्हणशील, पत्र उघडलं की याची तोफ सुरू.

इथे काचघरात सगळे बिनडोक भरलेत. मुकादम तर टोपी घातलेला भोपळा. आम्ही गुलाबाची कलमं करतो. खाली रानगुलाबाचं मूळ असतं, त्याला खुंट म्हणायचं. खुंटाच्या सालीला चीर देऊन आत चांगल्या जातीचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, बसवायचा आणि पट्टी बांधायची. डोळा फुटला की वरचं रान छाटायचं. म्हणजे राबायचं रानाने आणि मिरवायचं दुसऱ्याने. पण रान कुठलं ऐकतंय! सांध्याच्या खालून त्याचे फुटवे येतच राहतात. त्यांना इथे सकर म्हणतात. जाडजूड, तरतरीत, आणि वरच्या कलमाचं सगळं पाणी पिऊन टाकणारे. ते शोधून कापायचं काम माझं.

याच शब्दाचा इथे दुसराही अर्थ आहे. कुणी काही सांगितलं की जो गपकन गिळतो, तोही सकर. मुकादम गिऱ्हाइकांना म्हणतो, अर्थात पाठ वळल्यावर. आम्हाला तोंडावर म्हणतो. त्यापेक्षा दुकानात बाबा मला ‘गंजक्या’ म्हणायचे ते परवडलं. तो शब्द अख्ख्या बाजारात त्यांचा एकट्याचा होता, आणि निदान शिवी देणाऱ्याला काम तरी येत होतं.

आता तुझं बघू. दुकानात बसवलेला तो माणूस कोण? ‘बाबांच्या पहिल्या लग्नाचा मुलगा आलाय, किल्ल्या तोच करतो’ असं तू एका ओळीत लिहितेस, जसा काही दूधवाला बदलला. पहिलं लग्न झालं होतं हे मला ठाऊक आहे. दोन वर्षांत मोडलं हेही ठाऊक आहे. मुलाचं कधी कुणी बोललं नाही. आणि बाबांना झटका येऊन जीभ गेली, की बरोब्बर दोन महिन्यांत हे चिरंजीव हजर! ज्याला तोंड नाही त्याच्या दारात हवे तेवढे मुलगे उगवतात, ताई.

त्याला हाकल. ते दुकान माझं आहे.

— तुझा धाकटा

*

१४ मार्च

शहाण्या,

फोनवर तू भांडतोस आणि मध्येच ठेवून देतोस, म्हणून पत्र. पत्र फेकलंस तरी निदान माझं पूर्ण बोलून झालेलं असतं.

दुकान तुझं? बरं. शेवटची किल्ली कधी घासलीस ते आठव. तुला तेलाचा वास सहन होत नव्हता, लोखंडाच्या किसाने हात काळे व्हायचे, गिऱ्हाईक म्हणजे तुला अंगावर आलेली म्हैस वाटायची. ‘कुलपं उघडण्यात जन्म घालवायला मी काय चोर आहे?’ असं म्हणून गेलास. आता तिकडे काटे टोचून घेतोस, त्यात मोठी इज्जत आहे वाटतं.

मी सकाळी आठ ते चार दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत असते. दुकान कधी उघडू? जेवणाच्या सुट्टीत?

त्या माणसाचं सांगते, म्हणजे तुझ्या पोटातली मळमळ थांबेल. वय एक्केचाळीस. आला तेव्हा एक पिशवी, आणि फडक्यात गुंडाळलेली स्वतःची कानस. बोलतो कमी, तुझ्या मानाने तर मुकाच. बाबांनी त्याला पाहिलं, बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिले, मग भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने कोऱ्या किल्ल्यांचा डबा त्याच्याकडे ढकलला. मला तरी एवढा निकाल पुरला.

आणि हो, त्याने बाबांच्या खाटेच्या दांड्याला एक जुनं पितळी कुलूप लावून दिलंय. बाबा दिवसभर डाव्या हाताने ते उघडतात आणि लावतात. दवाखान्याच्या व्यायामवाल्या बाईने रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी तिच्याच अंगावर फेकला होता.

— ताई

*

२२ मार्च

ताई,

तू पहिल्यापासून भोळी. इथल्या भाषेत तुला काय म्हणतात ते मागच्या पत्रात लिहिलंय, पुन्हा लिहीत नाही. कुलूप लावून दिलं म्हणे! चोर घरात शिरतो तेव्हा आधी कुत्र्याला बिस्किटच टाकतो.

मला आता खरं-खोटं ओळखता येतं, ते माझं रोजचं काम आहे. मुकादमाने एक नियम शिकवलाय. एका देठावर पाच पानं, तर कलमाचं. सात पानं, तर रानाचं. मोज आणि काप. मी दिवसाला एवढ्या कुंड्या संपवतो की बाकीचे माझ्याकडे सवतीच्या पोरासारखे बघतात. एक म्हातारा कलमवाला आहे, पाठीला बाक आलेला. तो प्रत्येक कुंडीत बोट खुपसून माती उकरत बसतो. म्हणतो, “पोरा, पानं काय मोजतोस? फुटवा सांध्याच्या वरून आलाय की खालून, ते बघ.” मी म्हटलं, “आजोबा, तुमची एक रांग होईस्तोवर गुलाब म्हातारे होतील.” सगळे हसले. त्याने नख साफ केलं आणि पुढच्या कुंडीत बोट घातलं. असली माणसं जन्मभर माती उकरतात आणि शेवटी मातीतच जातात.

तर तुला पण एक नियम देतो, तुझ्या डोक्याला झेपेल असा. बाबांची उजवी करंगळी वाकडी आहे, शेवटच्या पेरापासून बाहेर वळलेली. माझीही अगदी तशीच आहे. ही आपल्या रक्ताची खूण. लहानपणी आम्ही दोघं करंगळीला करंगळी लावून बघायचो, तुला आठवत असेल. त्या तोतयाची करंगळी बघ आणि लिही. वाकडी असली तर मी गप्प बसेन.

— धाकटा

*

५ एप्रिल

करंगळी पाहिली. सरळ आहे.

तो चहाचा कप धरून बसला होता आणि मी त्याच्या हाताकडे बघत होते. त्याच्या लक्षात आलं. “काही हवंय का?” म्हणाला. नाही म्हटलं. खूप वर्षांत मला स्वतःची एवढी लाज वाटली नव्हती.

बाबा बरे आहेत. दुकान चालू आहे. शटर गंजलंय, डाव्या बाजूला अडकतं, खांदा लावून ढकलावं लागतं.

— ताई

*

११ एप्रिल

ताई,

सरळ! मी काय म्हणत होतो? आता तरी झोपेतून उठ.

तुला लाज कसली वाटते? लाज त्याला वाटायला पाहिजे. दुसऱ्याच्या बापाच्या गादीवर बसून, दुसऱ्याच्या बहिणीने केलेला चहा पितोय. सकर असाच असतो. आधी कोवळा कोंब, बघून दया येते. मग वर्षभरात कलम सुकून जातं आणि हा गडी कुंडी भरून उभा. आज गादी घेतली, उद्या घर घेईल. आणि तू त्याला विचारशील, साखर किती घालू?

कापायचं तर मुळापासून. दया केली की दुप्पट फुटतो. तुला बोलायला जमत नसेल तर हे पत्र त्यालाच वाचायला दे. अक्षर माझं घाण आहे, पण त्याला कळेल असं लिहितो: अहो पाहुणे, उठा. पिशवी उचला, कानस फडक्यात गुंडाळा, आणि जिथून उगवलात तिथे परत जा. म्हाताऱ्याची जीभ गेली असली तरी त्याला मुलगा आहे, आणि तो एकच आहे.

तो गेला की कळव.

— धाकटा

*

२ मे

ताई,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. रागावली असशील तर राग, मला काही फरक पडत नाही. लिहितोय ते केवळ इथे भिंतीशी बोलायचा कंटाळा आला म्हणून.

इथे माती झाली. मागच्या काचघरात एक नवी जात होती, भिंतीवर चढणारी. मालकाने सहा वर्षं राबून तयार केलेली. मला म्हणाले, फुटवे साफ कर. मी गेलो, मोजलं, जिकडे तिकडे सात पानं. म्हटलं, बघा, हा भोपळा आणि हे बाकीचे झोपले होते, सगळं रानच माजलंय. दोन दिवसांत तीनशे चाळीस कुंड्या कापल्या. शिट्टी वाजवत कापल्या.

तिसऱ्या दिवशी मालक आला. एका कुंडीजवळ बसला आणि उठलाच नाही. मग तो म्हातारा आला. त्याने एका कुंडीत बोट घातलं, माती बाजूला केली आणि मला दाखवलं. काप सांध्याच्या वर होता. दुसऱ्या कुंडीतही वर. तिसऱ्यातही वर. त्या जातीला मुळातच सात पानं येतात. मी कलमच कापत सुटलो होतो आणि खाली रान तसंच ठेवलं होतं.

मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, “असला नियम मी कधी सांगितलाच नाही.” आणि मग तो शब्द म्हणाला, माझ्याकडे बोट करून. सगळे हसले. हसायला यांना कधी मेहनत पडत नाही. म्हातारा तेवढा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

आता कुंड्या धुतो. महिना संपला की जा म्हणालेत. गेलो तर गेलो, ही काय नोकरी होती?

तो माणूस गेला का?

— धाकटा

*

९ मे

हो, गेला.

तुझं एप्रिलचं पत्र आलं, ते मी टेबलावर ठेवलं. विसरले नाही. ठेवलं. तुझ्यासारखी मीही बघायला निघाले होते, की हा काय करतो. त्याने उभ्याने वाचलं, घडी घालून पुन्हा पाकिटात घातलं. त्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळेपर्यंत उघडं होतं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कुलपाला त्याने चिठ्ठी बांधली, कुणाचं, काय बिघडलंय, किती झालंय. दुकानाची किल्ली बाबांच्या उशाशी ठेवली, पिशवी उचलली आणि गेला. तू सांगितलेल्या क्रमानेच. फक्त कानस तेवढी आधी फडक्यात गुंडाळली.

आता मी तुला एक सांगणार आहे, आणि तू पत्र फेकायच्या आधी वाच. तो उगवला नव्हता. मी बोलावलं होतं. बाबांना झटका आला तेव्हा मी तुला तीन पत्रं टाकली, ये म्हणून. तुझं उत्तर आलं, ‘सुट्टी नाही, आणि कुलपांत मला रस नाही’. मग बाबांच्या कप्प्यात एक पत्ता सापडला. दरवर्षी एका तारखेला बाबा त्या पत्त्यावर पत्र टाकायचे आणि त्याचं उत्तर यायचं. सगळी उत्तरं दोऱ्याने बांधलेली होती. पहिल्या पत्रात अक्षरं वेडीवाकडी, एवढी मोठी. मी त्याला दोन ओळी लिहिल्या. तो सहाव्या दिवशी आला. बसगाड्यांच्या कारखान्यात चांगली नोकरी होती, तिथे रजा टाकून आला. हे मी तुझ्यापासून लपवलं, कारण तू काय बोलशील ते मला पाठ होतं. लपवून काय मिळालं? तू तेच बोललास.

आणि करंगळी. बाबांची करंगळी दुकानाच्या शटरमध्ये सापडली होती, तू जन्मायच्या आधी. तुझी त्याच शटरमध्ये सापडली, तू तीन वर्षांचा असताना. मी तुला उचलून दवाखान्यात पळाले होते, माझा फ्रॉक रक्ताने भरला होता. ती रक्ताची खूण नाही रे बाबा, ती शटरची खूण आहे. एक विचारते. माझी करंगळी कशी आहे? बावीस वर्षं माझ्या हातचं जेवलास. माझी सरळ आहे. कापतोस मला पण?

तुझं सगळं शास्त्र मी नीट वाचलं. सांध्याच्या खालून आलेला तो, बरोबर? मग मूळ त्याचं झालं. वर बांधलेले आपण. कुणी कुणाचं पाणी प्यायलं, ते सावकाश मोज. कुंड्या धुताना वेळ असेल.

बाबा खाटेचं कुलूप आता उघडत नाहीत. लावून ठेवलंय. किल्ली डाव्या मुठीत असते, जेवतानाही सोडत नाहीत, मग चमचा कशाने धरणार? मी भरवते. तीन घास घेतात आणि तोंड फिरवतात. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर नळी घालावी लागेल.

मी त्याला दोनदा लिहिलं. तो म्हणतो, ज्याने जा म्हटलं त्याने ये म्हणावं. पत्ता मागे लिहिला आहे. तुझं काय बिघडायचं ते बिघडलंच आहे, आता शाई तरी खर्च कर.

— ताई

*

१७ मे

हे पत्र कुणाला लिहितोय ते वरती लिहिणार होतो. तीन कागद फाडले. ‘दादा’ लिहिलं की अक्षर खोटं दिसतं, ‘पाहुणे’ लिहिलं की ताई मला कापेल. म्हणून वरती काही नाही.

मी धाकटा. आधीचं पत्र माझंच होतं. अक्षरावरून ओळखलं असेल.

मी माफी मागत नाही. आठवीत शाळा सोडली, तो धडा बहुतेक नववीत होता. आणि तुम्ही मोठे साधुसंत आहात असंही मला वाटत नाही. एक पत्र वाचलं आणि चालते झालात! आमच्या घरात एका पत्राने कुणी जात नाही. बाबांनी मला रोज तीनदा हाकललं होतं, मी बावीस वर्षं गेलो नव्हतो. एवढ्या नाजूक कातडीचा माणूस लोखंड कसा घासतो?

पण काम सांगतो. इथे एका म्हाताऱ्याने मला बोटाने माती उकरायला शिकवलं. म्हणजे शिकवलं काही नाही, दाखवलं, आणि माझं मला कळलं. मी तीनशे चाळीस कुंड्या पानं मोजून कापल्या. तुम्ही तीनशे एक्केचाळिसावे. त्या झाडांचं आता काही होणार नाही, कापलेला डोळा परत चिकटत नाही. तुम्ही माणूस आहात, तुम्हाला बस मिळते.

बाबा जेवत नाहीत. किल्ली मुठीत धरून बसलेत. ती मूठ माझ्यासाठी उघडणार नाही, हे मला इथे कुंड्या धुताना कळतं, आणि मला त्याचा राग येतो, तुमचा येतो, त्यांचाही येतो. पण मूठ उघडली पाहिजे. माझ्याकडून मूठ उघडणार नसेल तर जो उघडेल त्याने उघडावी. आज तुमच्याकडे मागतोय तसं मी आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही.

या. घरी या. दुकान उघडा. मी म्हणालो होतो त्याला मुलगा एकच आहे. मोजण्यात मी किती हुशार आहे ते वर लिहिलंच आहे.

इथलं काम एकतीस तारखेला संपतं. मग मी कुठे जाईन ते ठरलेलं नाही.

— धाकटा

*

२८ मे

गंजक्या,

ताई म्हणाली, दुकानात तुझं नाव हेच होतं. दुकान तेच आहे, म्हणून नावही तेच.

तुझं पत्र मिळालं. अर्धं कळलं. तुझं अक्षर म्हणजे दात मोडलेल्या करवतीने कापलेली किल्ली. नाजूक कातडीचं म्हणशील तर, मी तुझ्या पत्राने गेलो नव्हतो. ताईने ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं होतं, त्याने गेलो. ताईला ते सांगितलं. ती रडली, मग मलाच दोन शब्द सुनावले, मग चहा केला.

रविवारी आलो. खाटेजवळ गेलो तर म्हाताऱ्याने किल्ली माझ्या तोंडावर फेकली. डाव्या हाताने, अन् नेम चांगला होता. ती मी उचलून कुलपात घातली तर हात झटकून टाकला, स्वतः फिरवली. रात्रीचं ताट पूर्ण संपवलं आणि भात कमी आहे म्हणून खुणेने ताईवर डाफरले.

दुकान सोमवारी उघडलं. तुझी जुनी किल्ली आता लागणार नाही, पुढचं कुलूप मी बदललं. तुझ्यासाठी एक नवी घासून ठेवली आहे. टपालाने पाठवणार नाही, तू हरवशील. इथे खिळ्याला टांगली आहे. गादी एकच आहे आणि तिच्यावर मी बसतो. तुला लाकडी खोका मिळेल. पहिले सहा महिने फक्त कोऱ्या किल्ल्यांना दिव्याची काजळी धरायची, म्हणजे कुलपात कुठे अडतं त्याच्या खुणा उमटतात; कानशीला हात लावायचा नाही. पटत नसेल तर कुंड्या धूत बस.

एक राहिलं. काल शटर ओढताना डाव्या बाजूला अडकलं. खांदा लावला, ते एकदम सुटलं आणि उजवी करंगळी आत सापडली. काळीनिळी झाली आहे. दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, हाड बसेल, पण शेवटचं पेर थोडं वाकडं राहील.

ताई तेव्हापासून हसते आहे. कशाला, ते सांगत नाही. म्हणते, धाकट्याला कळव.

— दुकानातला